बॉर्डरलँड्स २ आवडला होता, मग बॉर्डरलँड्स ३ घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 'बॉर्डरलँड्स २' हा बंदूकबाजीचा विनोदी व्हिडिओ गेम दोनदा पूर्ण खेळून झालाय, त्यातला विनोद मनात घर करून बसलाय. 'बॉर्डरलँड्स ३' सेलमध्ये स्वस्तात दिसतोय, पण त्यातला विनोद फसलाय असं ज्याच्या-त्याच्या तोंडून ऐकताय. तर तो घ्यावा की दुसरा भागच पुन्हा सुरू करावा?

घ्या. फक्त दुसऱ्यातल्या खलनायकासारखं, हँडसम जॅकसारखं कुणीतरी भेटेल म्हणून आत शिरू नका, तसं कुणी भेटत नाही. तिसऱ्या भागातलं हसू वेगळ्या जागी ठेवलंय. ती जागा माहीत असली की गेम आवडतो, नसली की पहिले दहा तास कपाळाला आठ्या पडतात. माझ्या पडल्या होत्या.

मी ठाण्याची, नोकरी ऐरोलीला. दोन्ही भाग मी मामेभावाबरोबर खेळले, तो नेरुळला राहतो. दुसरा भाग सप्टेंबर २०१२ मध्ये आला तेव्हा मी कॉलेजात होते आणि तो नववीत. शनिवारी दुपारी ठाण्याहून पनवेल लोकल पकडायची, नेरुळला उतरायचं आणि मामाच्या हॉलमध्ये एकाच टीव्हीचे दोन भाग करून रविवार संध्याकाळपर्यंत बसायचं. तिसरा भाग सप्टेंबर २०१९ मध्ये आला. आम्ही तो मार्च २०२० मध्ये स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, आल्याबरोबर घेतला आणि थोड्याच दिवसांत लॉकडाऊन लागलं. तो तिकडे, मी इकडे, मधली लोकल बंद. त्या काळात आमची भेट व्हायची ती याच गेममध्ये. त्यामुळे माझा याच्यावर लोभ आहे, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

विनोद फसला म्हणजे नेमकं काय झालं, ते मला एकांकिकेच्या विंगेतून सांगता येईल. कॉलेजात मी बॅकस्टेजला असायचे, म्युझिक ऑपरेट करायचे. गडकरी रंगायतनला आमचा प्रयोग होता. त्यात एक जागा अशी होती की आमचा मुख्य नट पाण्याचा ग्लास ओठापर्यंत नेतो, एक वाक्य बोलतो, हशा येतो आणि मग फोन वाजतो. ती रिंग माझ्या बोटावर होती. तालमीत दिग्दर्शकाने एवढंच सांगितलं होतं, 'हशा उतरायला लागला की दे.' प्रयोगात हशा आला तो थांबेचना. नट ग्लास ओठाशी धरून तसाच उभा. पाणी पीत नाही, हलत नाही, माझ्याकडे बघतही नाही. मी बोट बटणावर ठेवून श्वास रोखून ऐकत होते. आवाज शिखरावरून खाली यायला लागला आणि मी रिंग दिली. दोन सेकंद आधी दिली असती तर हशाही मेला असता आणि पुढचं वाक्यही लोकांनी खाल्लं असतं.

नाटकाला हे सोपं जातं, कारण प्रेक्षक दर प्रयोगाला नवे असतात आणि नट त्यांचं ऐकून थांबू शकतो. शूटर गेममध्ये दोन्ही नाही. प्रेक्षक एकच, म्हणजे तुम्ही. प्रयोग तीस-चाळीस तासांचा. पात्र तुमच्या हसण्यासाठी थांबत नाही, आणि पुढे काय करायचं ते तुमच्या बोटावर असतं. अशा ठिकाणी तोंडी विनोद फार जपून लिहावा लागतो. हातातला विनोद मात्र, म्हणजे ट्रिगर दाबल्यावर घडणारा, पन्नासाव्या वेळीही चालतो, कारण त्याची वेळ तुम्हीच ठरवता. माझ्या मते दुसऱ्या भागात हे दोन्ही विनोद उत्तम होते. तिसऱ्यात तोंड बिघडलं आणि हात सुधारला.

दुसऱ्यातला जॅक आठवा. तुम्ही बर्फातून पाय ओढत चाललेले असता, आजूबाजूला कुणी नाही, आणि तेवढ्यात त्याचा फोन येतो. प्रेट्झेल चावत बोलतोय. हिऱ्यांचा घोडा विकत घेतल्याचं सांगतोय. डेमियन क्लार्कने त्याला जो आवाज दिलाय त्यात एक आरामशीरपणा आहे, जणू या माणसाला जगात कसलीच घाई नाही. मुख्य म्हणजे तो बहुतेक वेळा रिकाम्या जागी बोलतो, गोळीबार सुरू झाला की गप्प बसतो. म्हणून त्याचं वाक्य वाया जात नाही. आणि नंतर आपला साथीदार मॉर्डेकाय याच्या पाळीव पक्ष्याचं, ब्लडविंगचं जे होतं, तेव्हाही त्याचा सूर तोच राहतो. मामेभाऊ तोपर्यंत जॅकच्या प्रत्येक फोनला हसत होता. त्या प्रसंगानंतर त्याने कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि म्हणाला, 'ताई, हा खरंच वाईट माणूस आहे.' इतका वेळ हसवून मग त्याच आवाजाने अंगावर काटा आणायचा, हे लेखनाचं काम आहे. अँथनी बर्च आणि त्याच्याबरोबर लिहिणाऱ्यांनी ते केलं. मला त्याचं आजही अप्रूप वाटतं.

आणि त्याच गेममध्ये फेस मॅकशूटी आहे. गेममधल्या थाउजंड कट्स या भागात उभा राहून 'माझ्या तोंडावर गोळी घाल' म्हणून कोकलणारा माणूस. हातावर घाला, पायावर घाला, मोजत नाही. तोंडावरच लागते. मिशन तेवढंच. आम्ही मुद्दाम आधी त्याच्या गुडघ्यावर गोळ्या घालून त्याचा संताप ऐकत बसलो होतो. हा हातातला विनोद. आपण जितका वेळ लावू तितका तो फुलतो.

आता तिसरा. खलनायक जुळे, टायरीन आणि ट्रॉय कॅलिप्सो. लाइव्ह स्ट्रीम करणारे, करोडो भक्त असलेले, स्वतःला देव म्हणवणारे. कल्पना चोख आहे, आजच्या काळाची आहे. अडचण अशी की त्यांचा सूर पहिल्या मिनिटापासून एकाच पट्टीत लागलेला आहे आणि तो उतरत नाही. प्रेक्षकांना उद्देशून ओरडणं, टोमणा, पुन्हा ओरडणं. दहाव्या फोनला मी आवाज कमी केला. जॅकच्या वेळी आम्ही फोन आला की चालणं थांबवून ऐकायचो.

याहून जास्त खटकलं ते असं. कथेच्या मध्यावर एक मोठा मृत्यू आहे, दुसऱ्या भागातल्या ओळखीच्या माणसाचा. कोण ते सांगत नाही. तो कटसीनमध्ये घडतो आणि तुमचं पात्र, जे क्षणापूर्वी त्याच आवारात लढत होतं, चित्रात कुठेच दिसत नाही. कुणी विचारतही नाही की तू काय करत होतास. दुसऱ्या भागात आपला साथीदार रोलंड जातो तेव्हा आपण तिथे असतो आणि आपल्याला काही करता येत नाही, म्हणून ते लागतं. इथे मला दुःखापेक्षा राग जास्त आला, आणि तो जुळ्यांवर नव्हता.

तिसरी गोष्ट, दारं. कितीतरी मिशनमध्ये एखादं पात्र दारापाशी उभं राहून पूर्ण भाषण करतं आणि मगच दार उघडतं. पहिल्या खेपेला ठीक. दुसरं पात्र घेऊन तीच कथा पुन्हा सुरू केली की प्रत्येक दारापाशी तेच भाषण. नटाने प्रेक्षकांसाठी थांबायचं असतं, इथे प्रेक्षक नटासाठी थांबतो. 'विनोद फसला' असं म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा त्रास हाच असावा असं मला वाटतं. वाक्यं तितकी वाईट नाहीत. ती ऐकायला लावण्याची पद्धत वाईट आहे. (क्लॅपट्रॅप या बडबड्या रोबोचा आवाजही बदललाय, डेव्हिड एडिंग्जच्या जागी जिम फोरोंडा. दोन तासांत कानाला सवय होते.)

पण बंदुका! इथे मला खरंच मनापासून सांगायचंय.

टेडिओर कंपनीची बंदूक दुसऱ्या भागात कशी होती ते आठवतंय ना? रीलोड करायचं नाही, अख्खी बंदूक फेकून द्यायची, ती फुटते आणि हातात नवी येते. तिसऱ्यात ते एवढ्यावर थांबत नाही. एप्रिलमधली रात्र होती, आम्ही दोघे हेडफोन लावून. मला एक हिरवी टेडिओर मिळाली, तिचं वर्णन न वाचताच मी गोळ्या संपवल्या आणि सवयीने फेकली. ती जमिनीवर पडली, तिला पाय फुटले आणि ती तुरुतुरु धावत एका गुंडाच्या मागे लागली. तो पळतोय, ही मागे. गाठलं आणि फुटली. मामेभावाच्या हसण्याचा आवाज माझ्या कानात फुटला, आणि पाठोपाठ मामीचा आवाज, 'अरे रात्रीचा एक वाजलाय!' पुढचा तासभर आम्ही काहीच केलं नाही. फक्त बंदुका फेकत होतो. एखादी जागच्या जागी उभी राहून स्वतःच गोळ्या झाडते, एखादी क्षेपणास्त्रासारखी उडते. पुढची काय करेल ही उत्सुकता कुठलंही लिहिलेलं वाक्य देऊ शकत नाही.

बाकीच्या कंपन्याही तशाच. प्रत्येकीला स्वभाव आहे. हायपेरियनची बंदूक नेम धरला की समोर ढाल उघडते. जेकब्सची गोळी डोक्यात बसली की तिथून उसळून शेजारच्याला लागते. मॅलिवानमध्ये दोन तत्त्वं असतात, बटण दाबून आगीवरून विजेवर जायचं, पण झाडण्याआधी क्षणभर थांबावं लागतं. टॉर्गच्या गोळ्या शत्रूला चिकटून राहतात आणि मग एकदम फुटतात, फक्त तो मोड लावायला हवा. आणि कॅलिप्सोंच्या भक्तांच्या बंदुका, त्यांना मॅगझिनच नाही. झाडत राहा, तापतात, तापून मोडतात, आणि तुमचं पात्र भर लढाईत उभं राहून त्यांना ठोकून दुरुस्त करतं. या सगळ्यात एक शब्दही बोललेला नाही, तरी हसू येतं. त्या दुरुस्तीच्या दोन सेकंदांत जीव जाण्याची वेळही येते.

दुसऱ्यातला स्लॅग, म्हणजे शत्रूला लावला की त्याला जास्त इजा होते तो प्रकार, काढून टाकलाय, हे तर फार बरं झालं. वरच्या पातळीला आधी स्लॅग लावा, मग बंदूक बदला, मग मारा, याचा मला कंटाळा आला होता. आता त्याऐवजी रेडिएशन आहे, आणि गोठवणारं क्रायोही. घसरत जाता येतं, कठड्याला हात घालून वर चढता येतं. हे तपशील छोटे वाटतील, पण तिसरा खेळून पुन्हा दुसरा लावून बघा, पाय बांधल्यासारखे वाटतात.

काही बॉससुद्धा याच जातीचे आहेत. पहिल्या मोठ्या लढाईतला माउथपीस बघा. प्रवचनकार, हातात ढाल, आणि त्याच्या हॉलभर स्पीकरच्या भिंती. संगीताच्या ठेक्यावर स्पीकरमधून असा दणका येतो की जवळ उभे असाल तर मेलात. कुठला स्पीकर आता धडकणार हे बघत पळायचं. ठाण्यात राहणाऱ्याला विसर्जनाच्या मिरवणुकीतली डीजेची भिंत वेगळी सांगावी लागत नाही. छातीत बसणारा तो ठोका आणि कानावर हात ठेवून बाजूच्या गल्लीत शिरणं, मी तेच करत होते. हा बॉस आम्ही पुन्हा पुन्हा जाऊन मारला, लुटीसाठी नव्हे.

तोंडी विनोद सगळाच वाया गेलाय असंही नाही. प्रोमेथिया ग्रहावर कातागावा ज्युनियर भेटतो, मॅलिवानचा अधिकारी. एक कंपनी दुसरी कंपनी ताब्यात घेतेय, आणि ताब्यात घेणं म्हणजे शब्दशः युद्धनौका आणून शहरावर बॉम्ब टाकणं. मधेच फोन करून तो तुमच्याशी दोस्तीच्या गप्पा मारतो. मला तो जुळ्यांपेक्षा दहापट चांगला खलनायक वाटला. ऐरोलीत नोकरी करताना माझ्या ओळखीच्या किती जणांनी सकाळी उठून ईमेलमधून कळून घेतलंय की आता आपली कंपनी दुसऱ्याची झाली. त्या ईमेलमधला गोड सूर आणि कातागावाचा सूर एकच आहे. लिहिणाऱ्याला ती भाषा आतून माहीत होती, हे जाणवतं.

आणि टायफन डिलिऑनच्या नोंदी अजिबात चुकवू नका. पहिला व्हॉल्ट हंटर, म्हणजे गेममधल्या गुप्त खजिन्यांच्या मागे लागणारा, म्हातारा, गप्पिष्ट. जवळजवळ प्रत्येक भागात त्याने रेकॉर्ड करून ठेवलेल्या तीन नोंदी लपवलेल्या असतात, तिन्ही मिळाल्या की एक पेटी उघडता येते. त्या नोंदी मजेशीर आहेत आणि हळव्याही. त्या मला का आवडल्या हे मी नंतर शोधलं. तुम्ही शोधता, तुम्ही वाजवता, आजूबाजूला शांतता असते. म्हणजे जॅकच्या फोनला जी मोकळी जागा मिळायची, ती इथे मिळते.

शक्य असेल तर डीएलसीसकट, म्हणजे नंतर आलेल्या जादा कथांसकट, जी आवृत्ती असते ती घ्या, नुसता मूळ गेम नको. माझं हे ठाम मत आहे, कारण लेखन तिथे सावरलंय. पहिल्या डीएलसीत बारवाली मॉक्सी तुम्हाला हँडसम जॅकच्या कॅसिनोत दरोडा घालायला नेते, तुमच्यासारख्या दुसऱ्या भागाच्या चाहत्याला तिथे जुन्या घरी गेल्यासारखं वाटेल. दुसरं म्हणजे शिकारी हॅमरलॉक आणि बंदूक कंपनीवाला वेनराइट जेकब्स यांचं लग्न. बर्फाचा ग्रह, एका मेलेल्या अजस्र राक्षसाची पूजा करणारा पंथ, आणि लग्नाची तयारी सांभाळणारी कोण, तर दुसऱ्या भागातली गेज. हॉलपासून पाहुण्यांपर्यंत सगळं बिघडत जातंय आणि ही पोरगी प्रत्येक वेळी नव्या उत्साहाने उभी राहतेय. ज्याने घरचं कार्य उभं केलंय त्याला ती लगेच आवडेल. आणि त्या दोघांचं एकमेकांवरचं प्रेम कुठेही थट्टेचा विषय होत नाही. थट्टा सगळी भोवतालच्या गोंधळाची. दुसऱ्या भागाच्या टायनी टीनाच्या ड्रॅगन कीप या डीएलसीनंतर या मालिकेत मला इतकं मनापासून काही वाटलं नव्हतं.

कुणाबरोबर खेळणार असाल तर तिसरा भाग दुसऱ्यापेक्षा सरळसरळ पुढे आहे. दुसऱ्यात जमिनीवर पडलेली लूट दोघांची एकच. नेरुळच्या त्या हॉलमध्ये एका नारिंगी, म्हणजे सर्वात दुर्मिळ दर्जाच्या, शॉटगनवरून झालेलं भांडण मामीला मिटवावं लागलं होतं. 'ताई, ती माझी आहे, मी मारलं त्याला' म्हणत पोरगा रडकुंडीला आलेला. तिसऱ्यात प्रत्येकाला आपली वेगळी लूट दिसते, आणि पातळी वेगळी असली तरी शत्रू ज्याला-त्याला त्याच्या पातळीचा लागतो. लॉकडाऊनमध्ये मामेभाऊ कॉलेज बंद म्हणून दिवसभर खेळायचा, मी दिवसभर मीटिंगमध्ये, तो माझ्या बारा पातळ्या पुढे. तरी रात्री एकत्र खेळताना फरक जाणवला नाही. (भांडायचीच हौस असेल तर जुनी पद्धतही पर्यायात ठेवलीय.) आता वेगवेगळ्या मशीनवरूनही एकत्र खेळता येतं. एक गोष्ट मात्र हरवली. नारिंगी बंदुका तिसऱ्यात इतक्या पडतात की ती दिसल्यावर श्वास अडकत नाही. दुसऱ्यात कॉन्फरन्स कॉल नावाच्या शॉटगनसाठी आम्ही वॉरियर या शेवटच्या बॉसला रात्रभर मारत बसायचो, ते आता होत नाही.

पीसीवर खेळणार असाल तर ७५ जीबी जागा मोकळी ठेवा. किमान म्हणून ६ जीबी रॅम सांगितलीय, पण शिफारस १६ जीबी रॅम आणि जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्डाची आहे. त्याच्या आसपास मशीन असेल तर निश्चिंत राहा. सप्टेंबर २०२५ मध्ये चौथा भागही आलाय. त्यात विनोदाचा आवाज मुद्दाम खाली आणलाय आणि त्याला मशीनही बरंच तगडं लागतं. तुम्हाला विनोद हवाय, त्यामुळे आधी तिसराच.

पात्र कुठलं घ्यावं हेही विचारणार असाल, म्हणून आत्ताच सांगते. एकटे असाल तर फ्लॅक घ्या. त्याच्याबरोबर कायम एक जनावर असतं, त्याला कुरवाळता येतं, रिकाम्या वाटेवर सोबत वाटते. जोडीला कुणी असेल तर तुम्ही मोझ घ्या. ती आयर्न बेअर नावाच्या यंत्रात चढून लढते आणि त्या यंत्राच्या पाठीवर एक तोफ आहे, जिथे दुसऱ्या खेळाडूला बसता येतं. मी यंत्र चालवायचे आणि मामेभाऊ वर. तो तिकडे नेरुळला, मी इकडे ठाण्यात, आणि तो वरून ओरडून सांगायचा, 'ताई, डावीकडे!'